लेझीम पथकाचे नवे प्रमुख घडवताना: तेरा आठवड्यांच्या नोंदी

पथकात ५६ खेळाडू आहेत, वय ११ ते ४८. वाद्यं म्हणजे दोन हलग्या, एक घुमकं (ढोलाच्या जातीचं वाद्य) आणि एक कैताळ (झांजेसारखं वाद्य). आजवर सगळा कारभार दोन जुन्या प्रमुखांच्या शिट्टीवर चालला. त्यातले एक जण परगावी गेले की सराव अर्धवट, दोघंही नसले की बंद. १९ फेब्रुवारीची शिवजयंतीची मिरवणूक पूर्णपणे नव्या प्रमुखांनी चालवायची आणि जुन्यांनी शिट्टीला हात लावायचा नाही, असं ठरवून सुरुवात केली. सराव रविवारी सकाळी ७ ते ९ आणि बुधवारी संध्याकाळी ७.३० ते ९, शाळेच्या मैदानावर.

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

आठ जण निवडले. कसोटी एकच लावली: खेळ कोणाचा चांगला. साहजिकच सगळे पहिल्या दोन ओळींतले निघाले. प्रत्येकाला बारा खेळाडू आणि दहा मिनिटं दिली. चौ आवाज, एक जगह, पवित्रा, दो रुख आणि आगे पाव, या पाचांतले कुठलेही दोन खेळ घ्यायचे.

आठांपैकी सहा जण पहिल्या मिनिटातच स्वतः खेळायला लागले. नजर समोर, पण दिसत काहीच नव्हतं. एका फेरीत तिसऱ्या ओळीतली दोन मुलं चार मिनिटं अर्धा ठोका मागे होती, पुढे उभ्या असलेल्याला त्याचा पत्ता नाही. ज्याचा खेळ पक्का असतो त्याचा कान स्वतःच्या लेझिमीत अडकलेला असतो. मागचा आवाज फाटलेला त्याला ऐकू येत नाही, कारण त्याचा स्वतःचा आवाज बरोबर पडत असतो.

निवड चुकली हे त्याच दिवशी कळलं. तरी आणखी एक बुधवार त्यावर घालवला, तो वाया गेला.

३० नोव्हेंबर, रविवार

निवड नव्यानं. या वेळी कसोटी तीन भागांत, आणि ती सर्वांना खुली ठेवली. सतरा जण पुढे आले.

पहिला भाग बघण्याचा. बारा जण दोन मिनिटं खेळतात. त्यातल्या दोघांना आधी कानात सांगून ठेवलेलं असतं: एकानं पाचव्या ठोक्याला मुद्दाम उशीर करायचा, दुसऱ्यानं गुडघा पुरता वाकवायचा नाही. कोण आणि काय, हे उमेदवारानं सांगायचं. दुसरा भाग थांबवण्याचा: चालू खेळ मध्येच थांबवून पंधरा सेकंदांच्या आत पुन्हा पहिल्या ठोक्यावर सुरू करून दाखवायचा. तिसरा भाग सांगण्याचा: दिसलेली चूक एका वाक्यात, समोरच्याला न दुखावता.

आधीच्या आठांतले तिघेच टिकले. नवे पाच जण आले ते मधल्या आणि मागच्या ओळींतून. त्यांत ४१ वर्षांच्या एक काकू आहेत आणि नववीतली एक मुलगी. तिचा स्वतःचा खेळ बेताचा, पण दोन्ही चुका तिनं चाळीस सेकंदांत ओळखल्या.

आधीच्या आठांतले जे पाच जण गळले त्यांना ते गटासमोर कळलं, ही आमची मोठी चूक. आधी एकेकाला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. त्यातला एक जण दोन आठवडे आलाच नाही. नंतर पाचही जणांकडे नव्या खेळाडूंना खेळ शिकवायचं काम दिलं. त्या कामाला खरोखर चांगला खेळच लागतो, तेव्हा ते नुसती समजूत काढण्यासाठी दिलेलं नाही. हे दोन दर्जे नसून दोन वेगळी कामं आहेत, हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर कुणाचं मन मोडलं नसतं.

३ डिसेंबर, बुधवार

आजचा दिवस डाव्या-उजव्याचा. प्रमुख गटाकडे तोंड करून उभा राहिला की त्याचा उजवा हात गटाच्या डाव्या बाजूला येतो. तो तोंडानं "डावा" म्हणतो आणि डावाच पाय टाकतो. निम्मे लोक शब्द ऐकतात, निम्मे पाय बघतात. दो रुखमध्ये दोन खेळाडूंच्या लेझिमी एकमेकींवर आदळल्या. कुणाला लागलं नाही, एक चकती मात्र उडाली.

उपाय म्हणून आरशासारखं खेळायचं ठरलं: तोंडानं "डावा", पाय टाकायचा उजवा. बोलायला सोपं आहे. आठांपैकी दोघांनाच दीड तासात जमलं.

७ डिसेंबर, रविवार

आरसा अजून कच्चा. दोन बदल केले. एक, नवीन खेळ शिकवताना प्रमुखानं गटाकडे पाठ करायची आणि येणारा खेळ घेताना तोंड करायचं. शिकवताना लोकांनी त्याला बघायचं असतं, घेताना त्यानं लोकांना बघायचं असतं. दोन्ही एकदम साधायला गेलं की घोटाळा होतो.

दुसरा बदल सगळ्यांत उपयोगी पडला. प्रत्येक खेळाडूच्या डाव्या मनगटाला भगव्या कापडाची पट्टी बांधली. आता हाक "डावा" नाही, "पट्टी". अकरा वर्षांच्या मुलापासून सगळ्यांना ती दिसते, डोकं चालवावं लागत नाही. पट्टी दोन बोटं रुंद असावी आणि गाठ मनगटाच्या बाहेरच्या बाजूला यावी. आतल्या बाजूची गाठ साखळीत अडकते, आज तीनदा अडकली.

थंडीतल्या ओलाव्यामुळे हलगीचं कातडं सैल पडून आवाज बोदा येत होता. कागद पेटवून शेकताना घाईत फार जवळ धरलं आणि एका हलगीचं पान कडेला करपलं. शेकायचं काम वाजवणाऱ्यांचंच. सराव सातचा असेल तर त्यांना पावणेसातला बोलवायचं, आणि तोवर प्रमुखांनी लेझिमी तपासायच्या.

तपासणी अशी: दांड्याच्या दोन्ही टोकांना साखळी जिथे बसते तिथे बोट फिरवून भेग आहे का बघायचं. सगळ्यात आधी तिथेच लाकूड फुटतं. मग साखळी ताणून चकत्यांच्या कडा बघायच्या. आज ५६ पैकी १४ लेझिमी बाजूला काढल्या.

१४ डिसेंबर, रविवार

शिट्टी. या एका गोष्टीनं सगळ्यात जास्त वेळ खाल्ला आणि सगळ्यात जास्त शिकवलं, म्हणून सविस्तर लिहिलं आहे.

आठही जण नवा खेळ सुरू व्हायचा त्याच ठोक्यावर, म्हणजे एकवर शिट्टी मारत होते. शिट्टी कानावर पडेपर्यंत एक गेलेला असतो. पुढची ओळ दोनवर बदलते, मधली तीनवर, मागची पुढच्या आवर्तनात. पाहणाऱ्याला वाटतं पथकाला येत नाही. पथकाला येतं, खबर उशिरा मिळते.

आठ ठोक्यांचं आवर्तन धरून हा क्रम बसवला. शेवटच्या आवर्तनात पाचव्या ठोक्यावर दोन आखूड शिट्ट्या. सहाव्या ठोक्यावर हात डोक्याच्या वर आणि बोटांनी पुढच्या खेळाचा आकडा, एक ते पाच. सातव्यावर हात तसाच. आठव्यावर मूठ. एकवर मूठ खाली आणि नवा खेळ सुरू. थांबायचं असेल तर पाचव्यावर एक लांब शिट्टी, हात आडवा, आठवर शेवटचा आवाज, त्यानंतर लेझीम स्कंध, म्हणजे लेझीम खांद्यावर.

पाचवा पकडायचा कसा, यावर सगळे अडले. मोजत मोजत खेळ बघणं जमत नाही. मोजायला लागलं की नजर सुटते. नववीतल्या मुलीनं तिची युक्ती दाखवली. ती मोजत नाही. तिच्या उजव्या पायाचा अंगठा बुटाच्या आत एकवर आणि पाचवर दाबला जातो, बाकी ठोके ती सोडून देते. त्यामुळे डोळे मोकळे राहतात. तिच्या बुटाकडे नीट पाहिलं तर चवड्यावरचं कापड दर चार ठोक्यांनी जरा उचललेलं दिसतं, बाकी ती ढिम्म उभी. सगळ्यांना तेच करायला लावलं. काकूंना अंगठ्यानं नाही जमलं, त्या मांडीवर बोट टेकवतात. तेही चालतं.

आतमध्ये गोळी असलेल्या शिट्ट्या घेतल्या होत्या. तासाभरात थुंकीनं गोळी चिकटते आणि ऐन वेळी नुसती फुस्स हवा येते. बिनगोळीच्या घ्या. आठ शिट्ट्यांचे पैसे दोनदा गेले.

२१ डिसेंबर, रविवार

लय चढते ही जुनी तक्रार. मोबाइलवरच्या मेट्रोनोमनं मोजलं: खेळ मिनिटाला १०४ ठोक्यांवर सुरू झाला, चौथ्या मिनिटाला १२६. या गतीला मुलांची बैठक अर्धीच होते, आणि गुडघे दुखायला लागतात ते इथूनच.

दोष हलगीवाल्यांना दिला गेला. मग एकेक वाद्य वेगळं करून पाहिलं. नुसती हलगी, घुमकं, कैताळ चार मिनिटं वाजवलं: १०४ वरून १०८. लेझीम मिळाल्यावर परत १२६. म्हणजे हलगी पळत नव्हती. बैठकीतून उठताना खेळाडू घाई करत होते आणि हलगी त्यांना सांभाळून घेत होती. हलगीवाल्या नानांची सगळ्यांसमोर माफी मागितली, कारण ठपका सगळ्यांसमोर ठेवला होता.

दुरुस्ती दोन प्रकारे. दर चार आवर्तनांनंतर एक आवर्तन उभ्यानं घ्यायचं, बैठक नाही, नुसते पाय. घाई तिथे विरते. आणि प्रमुखानं हलगीवाल्यांना दिसेल अशा जागी उभं राहून पायानं लय द्यायची. नानांनी त्या पायाकडे बघायचं, लेझिमींकडे नाही. पोरांना नानांना सांगणं जड जात होतं. शेवटी नानांनीच शब्द दिला: "'दमानं' म्हण, मी समजतो." आता सगळे "नाना, दमानं" म्हणतात. तिसऱ्या फेरीत १०४ वरून ११२ वर थांबलं. तेवढं चालतं.

कानांबद्दलही आजच लिहून ठेवतो. कानाच्या सुरक्षेचा जो हिशेब सर्रास धरतात त्यानुसार ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. हलगीच्या जवळ उभा राहणारा प्रमुख ही मर्यादा दर सरावाला ओलांडत असणार. मोबाइलवरचं मापक नेमकं नसतं, म्हणून आकडा लिहीत नाही. कापूस घालून भागत नाही, फोमचे बोळे आणले. ते घालून शिट्टी व हलगी दोन्ही नीट ऐकू येतात. प्रमुखांची अदलाबदल दर पंचवीस मिनिटांनी.

२८ डिसेंबर, रविवार

हजेरी १९. सुट्ट्यांमुळे सगळे बाहेरगावी. सराव न घेता १४ लेझिमी दुरुस्त केल्या: नऊ तार व पक्कड वापरून, दोन वेल्डिंगला, तीन टाकून दिल्या. साखळी सैल सुटलेली लेझीम वाजते, पण आवाज उशिरा येतो, खेळाडूचा हात वेळेवर असला तरी. म्हणजे प्रमुखाला दिसलेली चूक माणसाची की लेझिमीची, हे लेझीम बदलून पाहिल्याशिवाय ठरवायचं नाही. मागच्या महिन्यात दोन मुलांना उगीच बोलणी बसली होती. त्यांना तसं सांगितलं.

४ जानेवारी २०२६, रविवार

चूक सांगायची कशी. मोबाइलवर रेकॉर्ड करून वेळ मोजली. एका प्रमुखानं एक चूक समजावायला १ मिनिट ५० सेकंद घेतली. तोवर चाळीस जण थंडीत उभे आणि अंग गार. गार अंगानं पुन्हा बैठक मारली की पोटऱ्या धरतात.

साचा ठरवला: ओळ, ठोका, अवयव. "तिसरी ओळ, पाचवा, गुडघा." एवढंच बोलायचं आणि लगेच "हुशार" ही तयारीची हाक देऊन सुरू. कारण सांगायचं नाही, ते विश्रांतीत. एका थांब्यात एकच चूक. दोन सांगितल्या की दोन्ही राहतात.

खरी अडचण वेगळीच होती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीनं वडिलांच्या वयाच्या माणसाला सगळ्यांसमोर "काका, तुमचं चुकतंय" म्हणायचं कसं? ती म्हणत नव्हती. चूक दिसायची, ओठ हलायचे, शब्द यायचा नाही. तिला धीट हो म्हणून उपयोग नव्हता, आणि लहानानं मोठ्याचा मान ठेवला तर त्यात काही वाईटही नाही. ओळीला उद्देशून बोलण्याच्या साच्यानं हे आपोआप सुटलं. "तिसरी ओळ" म्हटलं की कुणाचं नाव घ्यावं लागत नाही आणि ज्याचं चुकतं त्याला कळतं. तरीही राहिलं तर पाणी पिताना जवळ जाऊन, "काका, पाचव्याला जरा लवकर खाली याल का?" आज पहिल्यांदा तिच्या तोंडून सहा दुरुस्त्या आल्या.

दुरुस्ती झाली की "झालं" असा एक शब्द त्या ओळीला द्यायचा. तो दिला नाही तर ओळ पुढची पाच मिनिटं गुडघ्याकडेच बघत राहते.

११ जानेवारी, रविवार

जुने प्रमुख मैदानाच्या कडेला उभे होते, एक शब्दही न बोलता. तरी नव्या प्रमुखानं खेळ थांबवला की लोकांच्या माना त्यांच्याकडे वळत होत्या. मोजलं: तासाभरात चौदा वेळा. दोनदा तर जुन्यांचा हात नकळत वर गेला आणि पथक त्या हातावर बदललं.

आधी त्यांना गटाच्या मागे भिंतीपाशी उभं केलं. लोक मागे वळून बघायला लागले, ते जास्तच वाईट. मग घरीच थांबा म्हणायची पाळी आली, पण ते बरं वाटेना, उभं आयुष्य दिलंय त्यांनी या पथकाला. शेवटी दोघांच्या हातात लेझीम दिली आणि शेवटच्या ओळीत खेळायला लावलं. हात गुंतले, नजर पुढे गेली आणि ते स्वतः नव्या प्रमुखाच्या मुठीवर बदलायला लागले. पथकानं ते पाहिलं. पुढच्या तासात माना तीनदाच वळल्या.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडेच ठेवली: जिवाला धोका दिसला तर "थांब" ओरडायचा हक्क. तो कोणाही मोठ्या माणसाला असतोच.

१८ जानेवारी, रविवार

पहिल्यांदा मैदान सोडून गल्लीत. मैदानावर चार रांगांत बसवलेलं सगळं इथे मोडलं.

गल्लीत दोनच उभ्या रांगा मावतात. ५२ खेळाडू म्हणजे दोघा-दोघांच्या २६ आडव्या ओळी, दोन ओळींत १.६ मीटर, एकूण लांबी ४० मीटर. वाद्यं पुढे. शेपटीची मंडळी स्पष्ट मागे पडत होती. ओरडून, हातवारे करून काहीच फरक पडेना. चाळीस मिनिटं त्यात गेली, मग वहीवर हिशेब मांडला.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. हलगीपासून शेवटची ओळ ४३ मीटर, म्हणजे ठोका तिथे ०.१२ ते ०.१३ सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला ११२ ठोके धरले तर एक ठोका ०.५४ सेकंदांचा. जवळपास पाव ठोका उशीर कुणाचीही चूक नसताना. त्यावर प्रत्येक जण पुढच्याला बघून खेळतो आणि आपला थोडा उशीर त्यात मिळवतो. शेपटीची माणसं मन लावून, ऐकू येईल तसं बरोबर खेळत होती. इतकी वर्षं त्यांना "मागचे झोपलेत" म्हटलं गेलं, याचं फार वाईट वाटलं.

२५ आणि २६ जानेवारी

वाद्यं मध्यावर घेतली, तेराव्या आणि चौदाव्या ओळीच्या मध्ये. आता दोन्ही टोकं हलगीपासून साधारण २२ मीटर. उशीर निम्म्यावर आला आणि कानाला टोचेनासा झाला. वाद्यांपुढे आणि मागे दोन-दोन मीटर जागा मोकळी ठेवावी लागते, नाहीतर बैठकीतून उठणाऱ्याची लेझीम घुमक्यावर बसते.

दुसरं, तीन प्रमुख एका वेळी: पुढे, वाद्यांपाशी, शेपटीला. शिट्टी फक्त मधल्याकडे. पुढचा आणि शेपटीचा फक्त हात वर करतात, मधल्याचा हात बघून. हात दिसायला वेळ लागत नाही, ऐकायला लागतो. शेपटीच्या प्रमुखानं गटाच्या मागे राहून भागत नाही, तो कोणाला दिसत नाही. त्यानं बाविसाव्या ओळीपाशी बाजूनं चालायचं.

सव्वीसला झेंडावंदनानंतर शाळेत आठ मिनिटांचा खेळ. लय १०४ ते ११०. शेवटी मधल्या प्रमुखानं लांब शिट्टी सहाव्या ठोक्यावर मारली. निम्मं पथक आठवर थांबलं, निम्मं पुढच्या आवर्तनात. त्यावर नियम: पाचवा चुकला तर शिट्टी मारायचीच नाही, एक आवर्तन जाऊ द्यायचं. घाई कसलीच नसते.

१ फेब्रुवारी, रविवार

कागदपत्रं. मिरवणुकीचा पोलीस ठाण्यातला अर्ज नव्या प्रमुखांनीच लिहिला. पहिला अर्ज परत आला, कारण सुरुवातीची वेळ होती, संपायची नव्हती आणि परतीचा रस्ता लिहिलेला नव्हता. तीन हेलपाटे, अडीच तास. अर्जात मार्ग चौकाचौकांसह, दोन्ही वेळा, खेळाडूंची संख्या, वाद्यं, आणि दोन सज्ञान जबाबदार व्यक्तींचे फोन नंबर एकदम द्या. रात्री १० ते सकाळी ६ मध्ये वाजवायचं नाही, हे ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये आहे. आम्ही संपायची वेळ ९ धरली, म्हणजे उशीर झाला तरी एक तास हाताशी.

अठराखालच्या २३ मुलांच्या पालकांची लेखी संमती. त्यात औषधाची ॲलर्जी आणि घ्यायला कोण येणार हे दोन रकाने ठेवा. दुसरा रकाना विसरल्यामुळे कागद पुन्हा झेरॉक्स करावे लागले.

नियोजनातली चूक आज समोर आली. आठातले दोघं दहावी-बारावीचे, परीक्षा तोंडावर. ते थांबले, आणि थांबायलाच हवं होतं. नोव्हेंबरात निवडतानाच हा विचार व्हायला हवा होता. सहा जण उरले.

८ फेब्रुवारी, रविवार

अडचणींचा सराव. रुग्णवाहिकेला वाट: लांब शिट्टी, लेझीम स्कंध, डावी रांग डाव्या भिंतीला, उजवी उजव्या. पहिल्यांदा ४८ सेकंद लागले, चौथ्यांदा १४. लेझीम खांद्यावर घेतल्यावरच सरकायचं. हातात लोंबत असली की शेजारणीच्या ओढणीत अडकते, तेच झालं.

बोट चिमटलं तर: साखळी आणि दांड्याच्या मध्ये अंगठ्याजवळची कातडी सापडते, नव्या मुलांना हमखास. खेळाडूनं लेझीम छातीशी धरून आपल्या बाजूनं रांगेबाहेर पडायचं, मागच्यानं जागा भरायची नाही. जागा भरायला गेलं की अख्खी रांग सरकते आणि लय जाते. मोकळी जागा कुणाला दिसत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. निम्म्या लोकांना उपास, हजेरी ३१. रंगीत तालमीला हा रविवार धरणं चूक होती, पंचांग बघायला हवं होतं. बैठकीचे खेळ गाळले आणि फक्त चाल, खुणा आणि प्रमुखांची अदलाबदल घोटली. बदलताना नवा प्रमुख जुन्याच्या शेजारी दोन आवर्तनं पायानं लय धरतो, मग शिट्टी हातात घेतो. शिट्टी प्रत्येकाची स्वतःची, म्हणजे इथे "घेतो" म्हणजे तोंडाला लावतो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

५३ खेळाडू. सुरुवात संध्याकाळी ५.४०, शेवट ८.३५. अंतर सव्वादोन किलोमीटर.

पहिला अर्धा तास हात आखडलेले आणि हाका जास्त. साडेसहानंतर बसलं. दोन मोटारसायकलींमुळे एका जागी गल्ली तीन मीटरवर आली. पुढच्या प्रमुखानं एक आवर्तन आधी हात जोडून रांगा जवळ घेतल्या. ही खूण आधी ठरलेली नव्हती, त्याची स्वतःची. आता वहीत घेतली.

मोठ्या चौकात दुसरीकडून ध्वनिक्षेपकांची गाडी आली आणि हलगी पूर्ण बुडाली. शिट्टीही ऐकू येईना. त्या वेळी मध्ये नववीतली मुलगी होती. तिनं शिट्टी खाली सोडली, दोन्ही हात वर घेतले आणि उजव्या टाचेनं नानांना लय दिली. नाना कानानं नाही, तिच्या टाचेवर वाजवत होते. पुढचा हात वर, शेपटीचा हात वर, मूठ, आणि दो रुख एका वेळी फिरला, सव्वीसच्या सव्वीस ओळी. ते जवळपास तीन मिनिटं चाललं. शेवटच्या ओळीत जुने प्रमुख खेळत होते, त्यांनीही मुठीवरच बदललं.

चुकलं ते: पाण्याचा थांबा मार्गाच्या शेवटच्या टप्प्यात होता, तो अर्ध्यावर हवा. लहान मुलं सव्वासातलाच थकली होती. एका मुलाला अंगठ्याला चिमटा, पट्टी लावून तो बाजूनं चालला.

२२ फेब्रुवारी, रविवार

खर्च, रुपयांत: बिनगोळीच्या शिट्ट्या ४८०, आधीच्या वाया गेलेल्या २४०, लेझीम दुरुस्ती १,३५०, नव्या लेझिमी सहा १,६८०, मैदान आखायची फक्की २४०, पट्ट्यांचं कापड ३००, वाद्यवृंदाचं जादा सरावांचं मानधन ८,०००, प्रथमोपचार ४५०, कानातले बोळे ३००, झेरॉक्स आणि वह्या १५०. एकूण १३,१९०. मानधन सगळ्यात मोठं आहे आणि ते कमी करू नका. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगवर प्रमुख तयार होत नाही, कारण रेकॉर्डिंग त्याच्या पायाकडे बघत नाही.

वाया गेलेला वेळ: चुकीच्या निवडीचे दोन सराव, गल्लीतली चाळीस मिनिटं, अर्जाचे अडीच तास, महाशिवरात्रीची तालीम.

राहिलेलं: सहापैकी दोघांना अजून आरसा पक्का नाही, ते शेपटीलाच बरे आहेत आणि त्यांना तिथेच आवडतं. नवा खेळ रचण्याचं काम अजून एकाही नव्या प्रमुखानं केलेलं नाही. दहावी-बारावीचे दोघं परीक्षा संपल्यावर येतील. त्यांना पहिल्यापासून नाही, थेट गल्लीतल्या सरावापासून घ्यायचं, मैदानावरचं त्यांचं झालेलं आहे. पुढची निवड जूनमध्ये, आणि त्या दिवशी बारा खेळाडूंमधल्या कोणत्या दोघांनी मुद्दाम चुकायचं ते काकू ठरवतील.